वरणाचे पाणी पुरेसे नाही

बाळ सहा महिन्यांचे झाले की महाराष्ट्रात घरोघर उष्टावण होते. मामाच्या मांडीवर बसवून बाळाच्या जिभेवर खिरीचे पहिले बोट टेकविले जाते, चारचौघांत कौतुक होते आणि पाहुणे आपापल्या घरी जातात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आठ-पंधरा दिवसांत बाळाचे पोट फुगू लागते, रात्री ते पाय पोटाशी ओढून रडते, शी कधी खड्यासारखी तर कधी पातळ होते, तिचा रंग आणि वास पालटतो. सासू म्हणते, अन्न सोसत नाही. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. औषधांचा दुकानदार एक बाटली पुढे करतो. दिवसभराच्या कामाने थकलेली आई भाताचा घास बंद करून पुन्हा वरच्या दुधावर किंवा वरणाच्या पाण्यावर येते. बाळ शांत होते आणि प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते. वस्तुतः बाळाच्या उपासमारीला तेथूनच आरंभ झालेला असतो. हा घटनाक्रम ‘बायकांचा विषय’ म्हणून बाजूला सारण्याची चूक पुरोगामी चळवळीनेही फार काळ केली आहे.

प्रथम शरीर काय सांगते ते समजून घेतले पाहिजे. आईचे दूध पचविण्याची सिद्धता घेऊनच मूल जन्माला येते. धान्यातील पिष्ट पचविण्याची सिद्धता मात्र हळूहळू होत जाते. पिष्टाचे विघटन करणारा स्वादुपिंडातील पाचकरस जन्मकाळी जवळजवळ नसतोच, आणि तो पुरेसा होण्यास पुष्कळ महिने जातात. तोवर बाळाची लाळ आणि आईच्या दुधात असलेला तशाच प्रकारचा पाचकरस ही उणीव काही अंशी भरून काढतात. अन्न सुरू झाल्यावरही अंगावरचे दूध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे पोषण आणि रोगप्रतिकार यांच्या जोडीला हेही एक कारण आहे. आतड्यात वस्ती करणारे सूक्ष्म जीवही नव्या अन्नाबरोबर बदलतात. या स्थित्यंतरात वायू धरणे, शीचा रंग बदलणे, तिच्यात गाजराचे कण किंवा वाटाण्याचे साल जसेच्या तसे दिसणे, तोंड लाल होईपर्यंत कुंथून अखेरीस मऊ शी होणे, या साऱ्या गोष्टी सामान्यतः निरुपद्रवी असतात. जिभेने घास बाहेर ढकलणे हाही नकार नसतो. चोखण्याची सवय असलेली जीभ गिळण्याची नवी रीत शिकत असते.

या काळात आईच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. आरंभी दोन-तीन चमचे मऊ कुस्करलेले अन्न, दिवसातून दोनदा-तीनदा, पुरे होते. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा आणि तो अंगवळणी पडण्यास दोन-तीन दिवस द्यावेत, म्हणजे काय सोसले आणि काय बाधले याचा उलगडा होतो. शी घट्ट होत असेल तर नुसता भात आणि केळे यांवर न राहता शिजवून घोटलेली भाजी, पपई, डाळ यांची जोड द्यावी आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे चार घोट वाटी-चमच्याने पाजावेत. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये आणि मध तर चाटवूच नये. मधातील जंतूंच्या बीजांपासून तान्ह्या मुलांना क्वचित पण प्राणघातक विषबाधा होते. मात्र शीत रक्त दिसणे, हिरवी किंवा थांबता न थांबणारी उलटी, पोट ताठ होणे, डोळे खोल जाणे, सहा-सहा तास लघवी न होणे, बाळ मलूल होऊन दूधही न ओढणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तर घरगुती उपाय आणि अंगारेधुपारे सोडून तात्काळ दवाखाना गाठला पाहिजे. नित्याची कुरबुर कोणती आणि धोक्याची घंटा कोणती, हा भेद प्रत्येक आईपर्यंत पोहोचला पाहिजे.

आता वरणाच्या पाण्याकडे वळू. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दररोज सुमारे २०० उष्मांक अन्नातून मिळावे लागतात. नवव्या महिन्यापासून ही गरज सुमारे ३०० वर आणि वर्षानंतर साडेपाचशेच्या घरात जाते. बाळाचे जठर मात्र लहानशा वाटीएवढे असते. ती वाटी डाळीच्या निवळीने, भाताच्या पेजेने किंवा चहात बुडविलेल्या बिस्किटाने भरली की पोट तडस लागेपर्यंत भरते आणि शरीर उपाशी राहते. पातळ अन्न पचायला हलके, हा समज वडिलार्जित आहे आणि त्यामागे मायाच आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि हलके अन्न आणि रिकामे अन्न यांत अंतर आहे. चमच्यावरून चटकन ओघळणार नाही एवढे दाट, नीट शिजलेले, घोटलेले आणि वर चमचाभर तेल किंवा तूप सोडलेले मुगाच्या डाळीचे भात-वरण पोटालाही सोसते आणि अंगीही लागते.

दाट खीर गिळवत नाही आणि पातळ खिरीत सत्त्व नाही, या पेचाचे उत्तर महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून जे सत्त्व केले जाते त्यात मोड येताना निर्माण झालेला पाचकरस पिष्ट मोडून टाकतो. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक धान्य घालूनही खीर गिळण्याजोगी सैल राहते. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर संशोधन केले आणि मोडाच्या धान्याचे चिमूटभर पीठ दाट लापशीला कसे सैल करते ते दाखवून दिले. आजीच्या हातच्या कृतीला प्रयोगशाळेने दिलेला हा दुजोरा होय. परंतु सत्त्व करायला दोन-तीन दिवसांची सवड, वाळवायला स्वच्छ जागा आणि दळायला पैसे लागतात. ज्या घरात या तिन्हींचा दुष्काळ आहे तेथे शास्त्रही थिजते आणि परंपराही.

याहून गंभीर गोष्ट अशी की अन्नाच्या पहिल्या घासाबरोबर रोगही घरात शिरतो. पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात खन्ना परिसरातील गावांत गॉर्डन, चितकारा आणि वायन या संशोधकांनी केलेल्या पाहणीतून १९६३ मध्ये एक निष्कर्ष पुढे आला. आईच्या दुधाला इतर अन्नाची जोड मिळू लागते त्याच काळात मुलांमध्ये अतिसार बळावतो. अन्न हे त्याचे वाहन असते. मूळ कारण अस्वच्छ पाणी, हात, भांडी आणि तासन्‌तास उघडे राहिलेले अन्न हे असते. सकाळी सहाला शिजविलेला भात दुपारी दोनला बाळाला भरविला जातो, तेव्हा उन्हाळ्यात त्यात जंतूंची मुबलक वाढ झालेली असते. दुधाची बाटली आणि तिचे बूच यांची स्वच्छता तर त्याहून कठीण, म्हणूनच वाटी-चमचा बरा. दात येताना जुलाब व्हायचेच, ही समजूतही याच ठिकाणी घात करते. हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल हाताला येईल ते तोंडात घालते आणि त्यातून जंतू पोटात जातात. दातांना दोष देऊन घर निर्धास्त राहते आणि पोर सुकत जाते.

जुलाब लागले की अन्न तोडायचे, ही रूढी अतिसाराच्या दुखण्यात उपासमारीची भर घालते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजून असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. त्याच तत्त्वावरचे क्षारसंजीवनीचे पाकीट आज अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात मिळू शकते. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचे, त्याबरोबर आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या द्यायच्या, आणि आईचे दूध व मऊ अन्न चालूच ठेवायचे, एवढे ज्ञान हे जीवदान आहे. दुखणे ओसरल्यावर पंधरा दिवस एखादा घास जास्तच भरवावा लागतो. पण जास्तीचा घास ज्या घरात असेल तेथेच हे शक्य आहे, हेही विसरता येत नाही.

आईच्या या काळजीवर बाजाराची नजर जुनी आहे. ‘ग्राइप वॉटर’ची बाटली १८५१ मध्ये इंग्लंडातील विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने काढली. तिच्यात शेपूचे तेल, सोडा आणि साखर यांच्या जोडीला दीर्घकाळ मद्यार्कही होता. तो पुढे काढून टाकावा लागला. मूल गुंगून शांत झाले याला गुण आला असे म्हणण्यात पिढ्या गेल्या. दुधाच्या भुकटीच्या कंपन्यांनी गरीब देशांत काय केले, याचा पंचनामा ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने १९७४ मध्ये मांडला. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्काराची चळवळ उभी राहिली आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने विक्रीची आचारसंहिता संमत केली. त्या लढ्याचे फळ म्हणून भारतात १९९२ चा कायदा आला. २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला आणि दोन वर्षांखालील मुलांच्या दुधाच्या भुकटीची व डबाबंद आहाराची जाहिरात करण्यास बंदी झाली. लोकलढ्यातून चांगला कायदा होऊ शकतो याचा हा दाखला होय.

कायदा झाला म्हणून बाजार थांबत नाही. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार नेस्लेच्या सेरेलॅकच्या भारतात विकल्या जाणाऱ्या, तपासलेल्या प्रकारांत प्रत्येक वाढणीमागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम साखर वरून घातलेली होती. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या त्याच पदार्थात ती नव्हती. भारतातील उत्पादनांतील साखर काही वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी केली आहे, असे कंपनीने सांगितले. ते खरे मानले तरी मूळ सवाल शिल्लक राहतोच. युरोपातील बाळाला जी साखर नको, ती भारतातील बाळाला का म्हणून हवी? गोडाची चटक लागलेली जीभ घरच्या वरणभाताला तोंड फिरविते आणि ‘आमचे मूल घरचे खातच नाही’ म्हणत आई पुढचा डबा आणते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हा सारा आयांच्या अज्ञानाचा प्रश्न असून त्यावर प्रबोधन हाच उपाय आहे, असे सुशिक्षित वर्ग आणि सरकारी पत्रके सांगतात. आकडे वेगळे बोलतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना किमान पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी निम्म्यांहून कमी मुलांना आईच्या दुधाबरोबर अन्न सुरू झालेले होते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले उंचीने खुरटलेली होती. शंभरापैकी नव्वद आया एकाच वेळी अज्ञानी निघतात, तेव्हा दोष आयांमध्ये नसून व्यवस्थेत शोधावा लागतो.

व्यवस्थेचा दोष सर्वांत उघडा दिसतो तो आईच्या वेळेच्या वाटणीत. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच मुदत ठेवली. म्हणजे बाळाचा पहिला घास सुरू होतो त्याच सुमारास रजा संपते. पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया त्या उंबऱ्याच्या बाहेरच आहेत. बीडची ऊसतोड कामगार स्त्री दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवऱ्याबरोबर ‘एक कोयता’ म्हणून निघते आणि चैत्रापर्यंत कारखान्याच्या परिसरातील कोपीत राहते. पहाटे काळोखात फडावर गेलेली ही आई बाळाला बांधावर झोळीत किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन ठेवते. खाडा केला तर पैसे कापले जातात. दिवसातून तीनदा ताजे शिजवा, हात साबणाने धुवा, पाणी उकळा, बाळाशी बोलत हळूहळू भरवा, हा उपदेश तिला कोणत्या तोंडाने करायचा? तिच्या बाळाचे पोट दुखते त्याचे निदान वैद्यकाच्या पुस्तकात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे मुकादमाच्या वहीत असते.

अशा आईचा आधार म्हणून २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. परंतु सहा महिने ते तीन वर्षे हे कसोटीचे वय अंगणवाडीच्या दारातून शिधा घेऊन परत जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत ताटली असते. तान्ह्यांसाठी घरी न्यायचे पाकीट. पोषण आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला, तरीही महाराष्ट्रात महिला मंडळांच्या नावाआड मोठे पुरवठादारच हे काम बळकावून बसल्याचे न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ मध्ये निदर्शनास आणले. पाकिटातील मिश्रण बाळाला रुचत नाही, सोसत नाही आणि अखेर गुरांपुढे जाते, ही तक्रार गावोगाव वर्षानुवर्षे ऐकू येते. आणि ज्या सेविकेने घरोघर जाऊन पहिला घास कसा भरवावा ते दाखवायचे, तिला स्वतःला ‘मानसेवी’ म्हणून राबविले जाते. उपदानाचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला. तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन महिने संपावर राहावे लागले. सेविकेच्या मानधनाचा लढा आणि बाळाच्या घासाचा प्रश्न हे एकाच दोरीचे दोन पदर आहेत, हे त्या संपाकडे ‘मुलांचे हाल’ म्हणून पाहणाऱ्यांना समजले नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. अंगणवाडीला जोडून, सहा महिन्यांपासूनच्या मुलांना घेणारे, आईच्या कामाच्या वेळेशी जुळणारे आणि पगारी दाईचे पाळणाघर प्रत्येक गावात आणि प्रत्येक कामगार वस्तीत हवे. साखर कारखान्याच्या हंगामी तळावर ते गाळपाबरोबरच सुरू झाले पाहिजे आणि त्याचा खर्च कारखान्यावर बसला पाहिजे. घरी न्यायच्या शिध्यातील पाकिटाच्या जागी स्थानिक बचत गटांनी दळलेले नाचणी-डाळीचे पीठ, तेल आणि अंडी यावीत. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत सातव्या महिन्यापासून अंडी किंवा केळी देण्याची सोय झाली. ती राज्यभर का होऊ नये? १९९२ च्या कायद्याचा भंग करणाऱ्यांवर खटले भरले जावेत. आणि स्वच्छ पाण्याचा नळ हा बालआहाराचाच भाग समजून त्याचा हिशेब मागितला जावा.

मागण्या सरकारकडे पाठविल्या म्हणजे कार्यकर्त्याचे काम संपत नाही. पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांची यादी करावी. कोणाच्या वाटीत काय पडते, शिधा किती दिवस आला आणि किती दिवस आला नाही, तळावर पाळणाघर आहे की नाही, याची नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. महिला आघाडीच्या बैठकीत नाचणीच्या सत्त्वाची कृती आणि धोक्याची लक्षणे यांवर अर्धा तास खर्च झाला तर क्रांतीचे काही अडणार नाही. या बैठकांना पुरुष कार्यकर्त्यांनीही बसावे, कारण पाणी उकळणे, भात घोटणे आणि बाळाला भरविणे ही कामे पुरुषाच्या हातांनाही येऊ शकतात. समतेची भाषा बोलणाऱ्याच्या घरी रात्री रडणारे मूल एकट्या आईनेच सांभाळावे, ही विसंगती वस्तीतील बाया लगेच ओळखतात.

नव्या अन्नाने बाळाच्या पोटात होणारी कुरबुर चार-आठ दिवसांत थांबते. तिला घाबरून वाटी पातळ करायची की धीर धरून ती भरलेली ठेवायची, हा निर्णय आईला निर्भयपणे घेता यावा, यासाठी तिच्या हाती वेळ, पाणी, सरपण, डाळ आणि दारात विचारपूस करणारी सेविका असावी लागते. हे पाचही तिला मिळवून देणे हे राजकारणच आहे. पहिल्या घासाचे कौतुक घर करतेच. दुसऱ्या, तिसऱ्या आणि शंभराव्या घासाची हमी समाजाने दिली पाहिजे.